तीन बोटं

रात्री नऊला आमच्या ओसरीवर दवाखाना भरतो.
पेशंट एकच. डांबऱ्या.
नळेगावचा रस्ता होत होता तेव्हा
डांबराच्या पिंपामागं सापडला,
नाव ठेवायला वेळ लागला नाही.

वाटीत कोमट पाणी,
तर्जनीला गुंडाळलेली मलमलची चिंधी,
आणि गुरांच्या दवाखान्यातून आणलेली पेस्ट,
तिला म्हणे कोंबडीचा वास.
माणसांची लावू नका, बिरादार मॅडमनी बजावलं,
तुम्ही थुंकता, हे गिळतंय.
माझ्याकडं बघून नव्हत्या म्हणाल्या,
तरी मी रुमाल तोंडावर घेतला.

पहिले चार दिवस नुसता ओठ उचलायचा,
सोडून द्यायचा.
पाचव्या दिवशी चिंधीच पळवली त्यानं,
न्हाणीपर्यंत.

वरच्या ओळीत, पार मागं, गालाला लागून
सगळ्यात मोठा दात असतो.
त्याच्या मुळाशी तपकिरी खडा धरलेला,
आमच्या पाइपात धरतो तसाच.
पाइप मला कळतात.
उदगीरच्या गल्ल्यांना वीस वर्षं
आठ-आठ दिवसांनी पाणी सोडतोय मी,
धरलं की खरवडायचं, हातच तसा पडलेला.
मॅडम म्हणाल्या, ब्लेड नको, नख नको,
खडा आम्ही काढू, भूल देऊन.
नवा धरू देऊ नका. एवढंच.

एवढंच.
रोज.

खानावळीचा गुंडेराव रविवारी
शिजलेल्या नळ्या बांधून द्यायचा.
दात तडकतात म्हणून नको म्हटलं
तर महिनाभर बोलला नाही.

महानंदा दारात उभी राहून बघते.
लेकरायचे दात कवा घासलाव का वो?
टोमणा नाही, खरंच विचारते.
थोरल्याची दाढ ठणकत होती तेव्हा मी टाकीवर.
धाकटीचे दुधाचे दात
पत्र्यावर कुणी फेकले, मला माहीत नाही.
मी चिंधी पिळतो.

मार्चात माझ्याच तोंडाला तिखट सोसेना.
दाताच्या डॉक्टरनं आ करायला लावलं,
दातांच्या फटीत बोटं उभी धरून बघितली.
तीन जायला पाहिजेत, म्हणाला,
तुमच्यात दीडच जातंय.
बंदीच्या आधीच्या पुड्या, बंदीनंतरच्या पुड्या,
त्यानं विचारलं नाही, मीच मनात मोजत बसलो,
हजाराला सोडून दिलं.

त्या रात्री चिंधी गुंडाळली
आणि डांबऱ्यानं न सांगता जबडा उघडला.
चार बोटं गेली, वर जागा उरली.
आत ऊब. खरबरीत जीभ.
टाळूवर नांगरटीसारख्या काळ्या सऱ्या.
एवढं मोठं दार
सताड उघडं, माझ्या हातासाठी,
ज्याला अजून सुपारीचा वास येतो.
मी घासायचं विसरलो थोडा वेळ.

आता मलाही एक काम दिलंय.
आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत
दातांत धरून बसायचं,
जमेल तशी एकेक वाढवायची.
चौदापासून सुरुवात केली, सतरा झाल्यात.
काय करूलालाव दोघं? शेजारीण विचारते.
काड्यांमुळं मला बोलता येत नाही,
बोटामुळं त्याला.

काल त्यानं चळतीतली एक हळूच ओढली
आणि मोडली,
त्याच मागच्या, मोठ्या दातावर.
तुकडे काढायला बोटं घातली मी लगेच,
रागावलोही, काड्या थुंकून.

पण आवाज चांगला आला होता.
कोरडा, टणक,
व्हॉल्व्ह नीट बसल्यावर येतो तसा.